स्पर्धा कायदा : कांद्याचा लिलाव आणि डिजिटल बाजार

स्पर्धा कायदा : खरेदीदारांनी किंवा विक्रेत्यांनी आपसात संगनमत करून भाव ठरवू नयेत, बाजारावर हुकमत असलेल्या उद्योगाने त्या जोरावर इतरांची वाट अडवू नये आणि कंपन्यांच्या विलीनीकरणातून सगळा बाजार एका हाती जाऊ नये, यासाठी केलेला कायदा. भारतात त्याचा आधार स्पर्धा अधिनियम, 2002 हा असून तो राबवण्याचे काम भारतीय स्पर्धा आयोगाकडे आहे. प्रस्तुत नोंदीत हा कायदा नाशिक जिल्ह्यातील चांदवडच्या अंगाने मांडला आहे. लिलाव उघड का हवा, हे कांदा पिकवणाऱ्या तालुक्याला समजावून सांगावे लागत नाही. आणि मोबाइलच्या पडद्यावरच्या बाजाराबद्दल आज जगभर जो वाद चालू आहे, तोही मुळात उघडेपणाचाच आहे.

चांदवड हे तालुक्याचे गाव मुंबई–आग्रा महामार्गावर, सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी वसले आहे. होळकरांचा रंगमहाल आणि रेणुकामातेचे मंदिर यांसाठी ते ओळखले जाते. येथील टांकसाळीत पडणारा चांदवडी रुपया एके काळी दूरवर चाले. त्या काळी ठिकठिकाणच्या टांकसाळींचे रुपये वेगवेगळ्या कसाचे असत आणि एक रुपया देऊन दुसरा घेताना सराफ बट्टा कापून घेई. शेतमालाच्या भावाचा प्रश्नही या गावाला नवा नाही. 9 व 10 नोव्हेंबर 1986 रोजी शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे पहिले मोठे अधिवेशन येथेच भरले आणि लाखाच्या घरात शेतकरी स्त्रिया त्याला आल्या. शरद जोशी यांच्या ‘चांदवडची शिदोरी’ या पुस्तिकेचे नाव त्यावरूनच पडले.

रुमालाखालचा भाव : नियंत्रित बाजार येण्यापूर्वी शेतमालाचे सौदे बहुधा हत्ता पद्धतीने होत. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हातात हात घालत, बोटे दाबून आकडा सांगत, आणि माल ज्याचा तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत असे. आत काय ठरले हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. वऱ्हाडात कारंजा येथे 1886 मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला मानतात. 1897 चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा, 1927 चा मुंबई इलाख्याचा कापूस बाजार कायदा, 1939 चा शेतमाल बाजार कायदा आणि 1963 चा महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन अधिनियम हे त्याचे पुढचे टप्पे. लासलगावची बाजार समिती 1947 मधली. या कायद्यांनी रुमाल काढून घेतला: आवार ठरले, काटा तपासला जाऊ लागला, लिलाव उघड झाला, हिशोबपट्टी हातात मिळू लागली. ‘स्पर्धा कायदा’ हे नाव कोणी उच्चारण्याच्या कितीतरी आधी झालेले हे स्पर्धा नियमनच होते, आणि या इतिहासाला स्पर्धा कायद्याच्या पुस्तकांत मिळते त्यापेक्षा मोठी जागा मिळायला हवी.

चांदवड परिसरातील कांद्याचा लिलाव आजही वाहनापाशी होतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप सकाळपासून रांगेत लागतात. बाजार समितीचा कर्मचारी आणि व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनाकडून दुसऱ्याकडे सरकतो. कोणी मूठभर कांदा उचलून दाबून पाहतो, पापुद्रा चोळतो, क्विंटलचा भाव पुकारला जातो आणि काही क्षणांत पुढच्या वाहनापुढे बोली सुरू होते. मग भुईकाटा, त्यानंतर व्यापाऱ्याचे खळे. तळचा माल वेगळा निघाला तर खळ्यावर पुन्हा घासाघीस. लाल कांदा फार दिवस ठेवता येत नाही; उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो, पण पैशाची गरज तेवढे थांबू देत नाही. भाडे भरून आणलेली ट्रॉली परत नेणे बहुतेकांना परवडत नाही. म्हणून भाव बोलणाऱ्यांचे एकमेकांशी खरोखर स्पर्धेचे नाते आहे का, यावर शेतकऱ्याचे सगळे वर्ष अवलंबून असते. वीस व्यापारी घोळक्यात उभे असणे आणि वीस व्यापारी बोली लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कायदा काय म्हणतो : 1969 च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियमाचा रोख उद्योगाच्या आकारावर होता. राघवन समितीच्या शिफारशींनंतर आलेल्या 2002 च्या अधिनियमाने आकाराऐवजी वर्तनाकडे पाहिले. मोठे असणे गुन्हा नाही. मोठेपणाचा दुरुपयोग हा आहे. कलम 3 (स्पर्धाविरोधी करार) आणि कलम 4 (प्रभुत्वाचा दुरुपयोग) 20 मे 2009 पासून, तर विलीनीकरणाविषयीची कलमे 1 जून 2011 पासून अमलात आली. कलम 3(3) लिलावाशी थेट संबंधित आहे. एकाच व्यवसायातल्या मंडळींनी भाव ठरवणे, पुरवठा रोखणे, बाजार वाटून घेणे किंवा बोलीत संगनमत करणे सिद्ध झाले, तर त्याने स्पर्धेला हानी झाली असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही, हे दाखवण्याची जबाबदारी मग त्या मंडळींवर येते. व्यापारी संघटनाही यातून सुटत नाहीत. गोव्यातील औषधविक्रेत्यांच्या संघटनेला आयोगाने 2012 मध्ये याच कायद्याखाली दंड केला.

प्रभुत्व ठरवण्याआधी आयोगाला ‘प्रस्तुत बाजारपेठ’ आखावी लागते, म्हणजे नेमका कोणत्या वस्तूचा आणि कोणत्या प्रदेशातला बाजार विचारात घ्यायचा हे ठरवावे लागते. ही कल्पना वकिलांना अवघड वाटते, चांदवडच्या शेतकऱ्याला ती पाठ आहे. आज चांदवडला भाव पडला तर उमराणे, मनमाड, लासलगाव की पिंपळगाव बसवंत, याचा हिशोब तो डिझेलच्या खर्चाने करतो. ट्रॉली जिथवर नेणे परवडते तिथवर त्याचा बाजार. पण त्या चारही आवारांत खरेदीदार तेच असतील किंवा त्यांचा आपसात मेळ असेल, तर नकाशावर बाजार चार आणि प्रत्यक्षात एकच.

स्पर्धा आयोगाने कांद्याकडे पूर्वीच पाहिले आहे. 2010 च्या अखेरीस भाव भडकल्यानंतर बंगळूरच्या सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेकडून आयोगाने महाराष्ट्र व कर्नाटकातील कांदा बाजारांचा अभ्यास करून घेतला. 2012 च्या त्या अहवालाने जुन्या, जम बसलेल्या व्यापाऱ्यांची बाजारावरील पकड, नव्या खरेदीदाराला आत शिरण्यातल्या अडचणी आणि व्यापाऱ्यांमधील संगनमत यांवर बोट ठेवले.

कायद्याची एक हद्द मात्र स्पष्ट आहे. शासनाच्या सार्वभौम कृती त्याच्या कक्षेत येत नाहीत. 19 ऑगस्ट 2023 रोजी केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावले. ते मागे घ्यावे आणि बाजार शुल्क कमी करावे, या व इतर मागण्यांसाठी नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी 20 सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत लिलाव बंद ठेवले. 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली आणि 11 डिसेंबर रोजी शरद पवार यांच्या उपस्थितीत चांदवडला महामार्गावर रास्ता रोको झाला. 4 मे 2024 रोजी बंदी उठली, शुल्क पूर्णपणे हटायला 1 एप्रिल 2025 उजाडला. भावाला बसलेला सर्वांत मोठा धक्का एका शासकीय अधिसूचनेचा होता आणि स्पर्धा आयोगाला त्यात हात घालता येत नव्हता. पण सगळ्या खरेदीदारांनी एकाच दिवशी खरेदी थांबवली, की ते सरकारविरुद्धचे आंदोलन की पुरवठादाराविरुद्धचा सामूहिक बहिष्कार, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने उरतोच. आवाराबाहेर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच असतो.

पडद्यावरचा बाजार : 14 एप्रिल 2016 रोजी ई-नाम ही राष्ट्रीय ऑनलाइन बाजार व्यवस्था सुरू झाली. दूरच्या खरेदीदारालाही बोली लावता यावी, म्हणजे घोळक्यातले संगनमत आपोआप सैल होईल, हा त्यामागचा विचार बरोबर आहे. अडचण प्रतवारीची. पापुद्रा, ओल, कोंब आणि सड हाताने पाहिल्याशिवाय कांद्याची बोली लावायला खरेदीदार धजत नाही. भावाची माहिती मात्र पूर्ण डिजिटल झाली आहे. पुण्याचे महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ रोजचे भाव प्रसिद्ध करते आणि लासलगावचा पहिला आकडा व्हॉट्सॲपवरून काही मिनिटांत बांधावर पोहोचतो.

माहिती वाढली की स्पर्धा वाढते, असे सरसकट मानू नये. डेन्मार्कमध्ये 1993 मध्ये स्पर्धा यंत्रणेने तयार काँक्रीटचे प्रत्यक्ष व्यवहारातले भाव प्रसिद्ध करायला सुरुवात केली. हेतू चांगला होता, पण वर्षभरात भाव 15 ते 20 टक्क्यांनी चढले. कारण ती माहिती ग्राहकांपेक्षा विक्रेत्यांनाच एकमेकांवर नजर ठेवायला उपयोगी पडली. भाव संगणकीय प्रणालीने ठरू लागला की ही अडचण आणखी खोल जाते. बैठक नाही, फोन नाही, बोटांची खूण नाही, तरी सगळ्यांचे आकडे सारखे. ओला व उबर यांच्या भाडे ठरवणाऱ्या प्रणालीमुळे चालकांमधली स्पर्धा संपते, अशी तक्रार आयोगाकडे झाली होती. चालकांनी आपसात करार केल्याचे दिसत नाही, म्हणून आयोगाने 2018 मध्ये ती फेटाळली आणि सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2020 रोजी तो निष्कर्ष कायम ठेवला. 2023 च्या दुरुस्तीने स्वतः त्या व्यवसायात नसलेल्या पण संगनमताला हातभार लावणाऱ्या मध्यस्थालाही जबाबदार धरले आहे. ही दुरुस्ती योग्य आणि आवश्यक होती.

डिजिटल प्रभुत्वाची भारतातील मोठी प्रकरणे गूगलची. अँड्रॉइड फोनवर स्वतःची ॲप्स लादल्याबद्दल आयोगाने 20 ऑक्टोबर 2022 रोजी 1337.76 कोटी रुपयांचा दंड केला. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, काही निर्देश मात्र रद्द केले. आयोगाच्या या पहिल्या आदेशानंतर पाच दिवसांनी दुसरा आदेश प्ले स्टोअरबद्दल झाला. ॲप बनवणाऱ्याने गूगलचीच देयक व्यवस्था वापरावी आणि तिच्यावर कमिशन द्यावे, हा वाद होता. दंड 936.44 कोटींचा होता. अपिलात तो मार्च 2025 मध्ये 216.69 कोटींवर आला. हे कमिशन म्हणजे सराफाच्या बट्ट्याचेच नवे रूप आहे, फरक एवढाच की जुन्या बाजारात दुसऱ्या सराफाकडे जाता येत असे. व्हॉट्सॲपच्या 2021 च्या गोपनीयता धोरणावरून मेटाला नोव्हेंबर 2024 मध्ये 213.14 कोटींचा दंड झाला. त्या धोरणात वापरकर्त्याकडून पैसे मागितलेले नव्हते, माहिती मागितली होती. आणि माहिती हीसुद्धा किंमतच आहे, ही गोष्ट भारतीय कायद्यात त्या आदेशाने ठसली.

आधी नियम की नंतर दंड : अँड्रॉइडची चौकशी 2019 मध्ये सुरू झाली आणि आदेश यायला साडेतीन वर्षे लागली. तेवढ्या काळात लहान स्पर्धक उठून गेलेला असतो. म्हणून युरोपीय संघाने डिजिटल बाजार अधिनियम आणला. सहा कंपन्यांना ‘द्वारपाल’ ठरवून त्यांच्यावर 7 मार्च 2024 पासून आगाऊ बंधने लागू केली. भारतात संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने डिसेंबर 2022 मध्ये अशीच शिफारस केली. त्यानंतर नेमलेल्या समितीने मार्च 2024 मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मांडला. ठरावीक आर्थिक निकष पुरे करणाऱ्या आणि किमान 1 कोटी ग्राहक किंवा 10,000 व्यावसायिक वापरकर्ते असणाऱ्या कंपन्यांना त्यात आधीच नियम घालून दिले आहेत: स्वतःच्या मालाला झुकते माप नको, एका सेवेसाठी दुसरी गळ्यात नको, आणि व्यापाऱ्याची माहिती वापरून त्याच्याशीच स्पर्धा नको. दंड जागतिक उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत. 2025 च्या अखेरपर्यंत हे विधेयक संसदेत मांडले गेले नव्हते.

आगाऊ नियम ही परदेशातून आणलेली कल्पना आहे आणि तिने उद्योग गुदमरतील, असा आक्षेप घेतला जातो. त्याचा पहिला भाग चुकीचा आहे. नुकसान झाल्यावर दंड करण्यापेक्षा काटा, आवार आणि लिलावाची रीत आधीच ठरवून द्यावी, हेच कारंजापासून चांदवडपर्यंत आपण करत आलो आहोत. दुसऱ्या भागात मात्र तथ्य आहे. ज्या परवान्याने रुमाल काढला, तोच परवाना पुढे मोजक्या व्यापाऱ्यांचे कुंपण झाला आणि 2016 मध्ये राज्याला फळे-भाजीपाल्याची आवाराबाहेरची विक्री नियमनातून मोकळी करावी लागली. नव्या विधेयकात नियमांइतकीच त्यांच्या ठरावीक मुदतीने होणाऱ्या फेरतपासणीची तरतूद पक्की असली पाहिजे.

तक्रार कोणी करावी याला मर्यादा नाही. ओला–उबर प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्वतःचे नुकसान झालेले नसले तरी कोणतीही व्यक्ती आयोगाला माहिती देऊ शकते. एकट्या व्यक्तीसाठी शुल्क 5,000 रुपये आहे, आणि 2023 च्या दुरुस्तीनुसार ही माहिती घटना घडल्यापासून 3 वर्षांच्या आत द्यावी लागते. हिशोबपट्ट्या तोपर्यंत जपून ठेवाव्यात.