शिंगराला चीक बाधतो तेव्हा

आमच्या सिन्नरकडे गाय व्याली की शेजारीपाजारी खरवस पोचतो. वासराला तर चीक म्हणजे अमृतच! पण मंडळी, एखाद्या घोडीच्या शिंगराला हेच अमृत विष ठरतं.

शिंगरू जन्मतं ठणठणीत. चीक पितं आणि एक-दोन दिवसांत मलूल होतं, पिवळं पडतं, कधी मरतंसुद्धा. दृष्ट लागली म्हणायचं, नाहीतर घोडीला दोष द्यायचा.

खरं कारण कळायला आधी रक्तगट सापडावे लागले. लँडस्टायनरने माणसाचे रक्तगट १९०१ मध्ये मांडले, १९४० मध्ये आर-एच आला. मग १९४७ मध्ये फ्रान्समध्ये कारोली आणि बेसिस यांनी खेचरांच्या पिल्लांच्या काविळीचं मूळ आईच्या रक्तात दाखवलं.

होतं असं: शिंगराला बापाकडून आलेला रक्तगट आईला परका असतो. बाळंतपणात रक्त मिसळलं की ती त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते. माणसात ती वारेतून बाळाकडे जातात, घोडीत चिकातून. म्हणून पहिलं शिंगरू बहुधा वाचतं.

उपाय? पहिले दोन दिवस शिंगराला मुसकं, आणि दुसऱ्या घोडीचा चीक. बस्स!

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात चाल बघतात, भोवरे बघतात. विण्याआधी घोडीचं रक्तही तपासलं, तर शिंगरू वाचेल आणि आईवरचा आळही टळेल.