कार्ल्याच्या वाटेवरचे माहितगार

सूसहून कार्ल्याला जायला पहाटेच्या वेळी फार वेळ लागत नाही. सूस फाट्यावर बाह्यवळण महामार्गाला लागायचं, बालेवाडी, वाकड, रावेत मागे टाकत देहूरोडजवळ जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर यायचं आणि तळेगाव, वडगाव, कामशेत करत कार्ला फाटा गाठायचा. मुळशी तालुक्यातलं सूस 2021 साली पुणे महापालिकेत आलं. त्याच्या आधीपासूनच इथे सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि त्यांच्याबरोबर रविवारच्या सहलीही आल्या. माहितगार बरोबर घ्यायचा, उन्हं चढायच्या आत डोंगर चढायचा, लेणं नीट समजून घ्यायचं आणि जेवणाच्या वेळेला घरी परतायचं, असा साधारण बेत असतो.

कार्ल्याला म्हणायचं, पण लेणं आहे वेहेरगावच्या डोंगरात. फाट्यावरून आत वळलं की पायथ्याशी हार-फुलांची, खणा-नारळांची दुकानं लागतात आणि ही वाट सहलीच्या मंडळींसाठी झालेली नाही, हे लगेच कळतं. एकवीरा आईच्या दर्शनाला निघालेली माणसं अंधारातच पायऱ्या चढू लागतात. मुंबई, ठाणे, रायगडच्या किनाऱ्यावरचे कोळी आणि आगरी, तसंच चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, अशा अनेकांची ही कुलदेवता. चैत्र शुद्ध सप्तमीला पालखी निघते तेव्हा डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते. पहाटे निघून कार्ला चढण्याची रीत या भक्तांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली आहे, सहलवाले त्यांच्या मागून आले.

आणि भक्तांच्याही आधी या वाटेने व्यापारी जात होते.

कल्याण आणि सोपारा ही कोकणातली जुनी बंदरं. तिथे उतरलेला माल घाट चढून जुन्नर, पैठण, तेर अशा देशावरच्या पेठांकडे जायचा. बोरघाटाच्या या वाटेवर लेणी कशी ओळीने येतात ते नकाशावर पाहावं. घाटाखाली कर्जतजवळ कोंडाणे, घाट चढून आल्यावर भाजे, कार्ले, बेडसे आणि पुण्याच्या अंगाला शेलारवाडी. पावसाळ्यात बौद्ध भिक्षूंनी एका जागी राहायचं, बाकीच्या काळात फिरायचं, हा संघाचा नियम. वर्षावासाला निवारा हवा, तो रहदारीच्या वाटेपासून फार लांब नको आणि फार जवळही नको. मावळातल्या डोंगरांनी ती सोय केली. कार्ल्याच्या शिलालेखांत या मुलखाला ‘मामाल आहार’ म्हटलं आहे, म्हणजे आजचं मावळच, आणि डोंगरावरच्या विहाराचं नाव ‘वलूरक’ असं येतं.

कार्ल्याचा चैत्य इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास पुरा झाला. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे 38 मीटर लांब, रुंदीला आणि उंचीला प्रत्येकी सुमारे 14 मीटर. भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत याहून मोठं दुसरं नाही. आत 37 खांब आहेत. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, पायाशी घडे आणि माथ्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती, त्यांच्यावर स्वार झालेली जोडपी. स्तूपाच्या मागचे सात खांब मात्र अगदी साधे, अष्टकोनी. वर पाहिलं की छताला लाकडी कमानी दिसतात. डोंगर पोखरून केलेल्या छताला टेकूची गरज नव्हती. पण लाकडाची चैत्यगृहं बांधण्याची सवय हाताला होती, म्हणून दगडाच्या पोटाला सागवानी फासळ्या बसवल्या. स्तूपावरची छत्रीही लाकडाचीच. लाकूडकाम इतका काळ टिकून राहिलेलं दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतं.

हे लेणं पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे सकाळी आत सावली असते आणि डोळे सरावायला वेळ लागतो. दर्शनी भागातल्या मोठ्या कमानीतून ऊन थेट आत येतं ते दुपार कलल्यावर. पहाटेच्या सहलीला ते ऊन मिळत नाही, मात्र गर्दी नसते आणि खांबांवरची अक्षरं विजेरीच्या तिरप्या उजेडात सावकाश पाहता येतात. माहितगार असेल तर खरी सहल इथून सुरू होते.

कारण कार्ल्याचं मोठेपण त्या अक्षरांत आहे. एवढं लेणं कुणा एका राजाने कोरवलं नाही. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल नावाचा शेठ आपण हे शैलगृह पुरं केल्याचं आणि जंबुद्वीपात ते सर्वांत उत्तम असल्याचं अभिमानाने नोंदवतो. बाहेर उभा असलेला सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाने दिला. व्हरांड्याच्या कडेला भिंतीतून पुढे आलेले भव्य हत्ती आहेत. ते इंद्रदेव नावाच्या स्थविराच्या दानातले. सोंडेच्या दोन बाजूंना खोबणी दिसतात, तिथे एके काळी खरे हस्तिदंत बसवलेले असणार. आतले खांब वेगवेगळ्या माणसांनी दिले आहेत. सोपाऱ्याचा एक भिक्षू आहे, महादेवणकाची आई भायिला आहे, धेनुकाकट नावाच्या गावचे कितीतरी रहिवासी आहेत आणि त्यांत स्वतःला ‘यवन’ म्हणवणारेही आहेत. समुद्रापलीकडून आलेल्या किंवा त्यांच्या वंशातल्या या माणसांची नावं मात्र धम्म, सिंहधय अशी इथल्या मातीतली. दाराजवळ धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त दान नोंदवतो. आणि त्याच गावचा सुतार, वेणुवासाचा मुलगा सामी, हे दार आपण केल्याचं सांगतो. ज्या काळात कारागिराचं नाव सहसा कुठे लिहिलं जात नसे, त्या काळात हा सुतार बापाच्या नावासह दारावर उभा आहे.

राजेही आहेत, पण त्यांचं बोलणं जमिनीपुरतं. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात भिक्षूंच्या निर्वाहासाठी कारजिक गाव देतो. पुढे सातवाहनांनी नहपानाची सत्ता मोडली, तेव्हा तेच गाव पुन्हा संघाला दिल्याचा नवा आदेश कोरला गेला. राज्य बदललं तरी गाव भिक्षूंकडेच राहावं, याची तजवीज नव्या धन्याने केली.

पुढे भिक्षू गेले आणि ब्राह्मी लिपी वाचणारंही कुणी उरलं नाही. लेखांतली माणसं समोर असून मुकी झाली. मग डोंगराची गोष्ट सांगायचं काम परंपरेने घेतलं. पांडव वनवासात इथे आले, देवीने त्यांना एका रात्रीत देऊळ बांधायला सांगितलं आणि त्यांनी ते बांधून दाखवलं, ही कथा आजही पायऱ्यांवर ऐकायला मिळते. महाराष्ट्रातल्या बहुतेक लेण्यांना पांडव चिकटले ते असेच. या कथेला हसण्याचं कारण नाही. एवढं मोठं काम माणसाच्या हातून झालं असेल यावर विश्वास बसेना, म्हणून लोकांनी आपल्याला ठाऊक असलेल्या सर्वांत पराक्रमी माणसांना त्याचं श्रेय दिलं. देवीच्या भक्तीने तर डोंगर जागता ठेवला. लोकांची ये-जा राहिली म्हणून वाटही राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज प्रवासी येऊ लागले. 1804 साली पेशव्यांच्या भेटीला पुण्याकडे निघालेला लॉर्ड व्हॅलेन्शिया आणि त्याचा चित्रकार सोबती हेन्री सॉल्ट यांच्यामुळे कार्ल्याचं वर्णन विलायतेत पोचलं. पाठोपाठ मारिया ग्रॅहम ही लेखिका पालखीतून घाट चढून आली. 1825 साली बिशप रेजिनाल्ड हेबर आला. या सगळ्यांनी खांब मोजले, चित्रं काढली, कान्हेरीशी तुलना केली. भिंतीवरची अक्षरं मात्र त्यांच्यापैकी कुणालाच वाचता येत नव्हती आणि बरोबरच्या वाटाड्यालाही येत नव्हती.

ती अडचण 1837 साली कलकत्त्यात सुटली. जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचं कोडं उलगडलं आणि सह्याद्रीतल्या लेण्यांना वाचा फुटायची वेळ आली. मुंबईत जॉन विल्सन आणि जॉन स्टिव्हन्सन कामाला लागले. लेखांच्या नकला आणि वाचन या किचकट कामात विष्णुशास्त्री बापट यांचा हात होता. मग जुनागढहून मुंबईला आलेले, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी आले. त्यांनी आणि जेम्स बर्जेसने मिळून पश्चिम भारतातल्या लेण्यांमधले लेख 1881 साली प्रसिद्ध केले. पुढे फ्रेंच विद्वान एमिल सेनार यांनी कार्ल्याचे लेख पुन्हा तपासले, आणि त्यानंतरही माधो सरूप वत्स यांना चैत्यातले आणखी काही अप्रकाशित दानलेख छापता आले. सुतार सामीचं नाव पुन्हा उच्चारलं गेलं ते असं, अनेकांच्या चिकाटीने, कित्येक शतकांच्या खंडानंतर.

तोवर वाटही सोपी झाली होती. 1830 साली गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात बोरघाटातून गाड्यांचा रस्ता सुरू झाला. 1858 साली खंडाळा ते पुणे रेल्वे धावली आणि 1863 साली घाटातला लोहमार्ग पुरा झाल्यावर मुंबई-पुणे सलग जोडलं गेलं. पालखी, भोई आणि मुक्कामाचा सरंजाम लागायचा तिथे आता तिकीट काढून जायचं आणि त्याच दिवशी परतायचं, एवढं पुरू लागलं. एका दिवसाची सहल हा प्रकार खऱ्या अर्थाने रेल्वेने आणला. 1978 साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाल्यावर तर मळवली स्थानक कार्ले, भाजे, लोहगड, विसापूर या सगळ्यांचं दार झालं. बाह्यवळण रस्ता होण्याआधी सूसकडच्या माणसाला लोकलने जायचं तर पाषाणमार्गे शिवाजीनगर गाठून गाडी धरावी लागे आणि मळवलीहून पुढे चालावं लागे.

विसाव्या शतकातला या वाटेवरचा थोर माहितगार पुण्यातच राहत होता. दामोदर धर्मानंद कोसंबी हे पेशाने गणिती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी आणि घर पुण्यात, त्यामुळे डेक्कन क्वीनने त्यांची सतत ये-जा चाले. गाडी रोज जिथून जाते त्या मावळात हा माणूस पायी हिंडला. घाटवाटा, धनगरांच्या आणि गुराख्यांच्या वाटा, आठवडे बाजार, शेंदूर फासलेल्या देवी आणि कोरीव लेणी यांचा एकमेकांशी काय संबंध, हे त्यांनी जागेवर जाऊन तपासलं. लेणी निर्जन अरण्यात नव्हती, ती व्यापारी वाटांना धरून होती आणि देवीची ठाणीही जुन्या वाटा जिथे मिळतात तिथे दिसतात, हे त्यांनी आग्रहाने मांडलं. धेनुकाकट गावाचा शोध घेण्यासाठी तर त्यांनी स्वतंत्र लेख लिहिला. चैत्य आणि एकवीरा एकाच अंगणात का आहेत, हा प्रश्न विचारायला त्यांनी शिकवलं. याच रस्त्यावरच्या तळेगाव दाभाड्याला राहणारे गो. नी. दांडेकर तेव्हा दुसऱ्या अंगाने हेच काम करत होते. तरुणांना घेऊन ते किल्ल्यांवर जात आणि दगडांची गोष्ट रसाळ मराठीत सांगत. आज पुण्या-मुंबईतल्या संस्था अभ्यास-सहली काढतात, त्यांच्या मागे ही दोन घराणी आहेत, एक चिकित्सेचं आणि एक प्रेमाचं. चांगल्या माहितगाराला दोन्ही लागतात.

म्हणून पहाटे सूसहून निघणाऱ्या सहलीने माहितगार निवडताना थोडी चोखंदळ नजर ठेवावी. लांबी-रुंदी आणि राजांची यादी फलकावर वाचता येते. त्याच्याकडून मागायची ती माणसं. कोणता खांब भायिलेने दिला, कोणता यवनाने, सामीचा लेख दाराशी नेमका कुठे आहे, हे त्याने बोट ठेवून नव्हे, पण समोर उभं राहून दाखवावं. अक्षरांना हात लावू नये, हेही त्यानेच मुलांना सांगावं. एकवीरेच्या भक्तांच्या रांगेला धक्का न लावता चैत्य पाहता येतो आणि आईचं दर्शन घेऊन मग लेण्यात शिरणारी अनेक कुटुंबंही असतात. त्यांनाही हे ऐकायला आवडतं. कुणी मोठ्याने नावं वाचायला लागलं की आजूबाजूची माणसं थांबतात.

परतताना आणखी एक थांबा घ्यावा. तळेगाव आणि देहूरोडच्या मधे, घोरावाडी स्थानकाजवळच्या डोंगरात शेलारवाडीची लेणी आहेत. इथल्या मुख्य लेण्यात आता शंकराची पिंड आहे आणि गावकरी पूजा करतात. या लेण्यातला ब्राह्मी लेख धेनुकाकटच्याच एका घराचा आहे. उसभणक हा ‘हालकिय’, म्हणजे नांगर धरणारा शेतकरी. त्याची बायको सियागुतनिका हिने मुलगा नंद याच्यासह हे लेणं दान दिलं. कार्ल्याच्या मानाने ते लहान आहे आणि सहलींच्या यादीत सहसा नसतं. सूसकडे जाणाऱ्या गाड्या त्याच्या पायथ्यावरूनच पुढे जातात. त्या गाड्यांतले काहीजण तरी खाली उतरून, डोंगर चढून, सियागुतनिकेचा लेख पाहून आले तर सकाळचा बेत पुरा होईल.