कथिलातील दुर्मीळ क्षयाचा शोध

एकाच अणुकेंद्रातील दोन न्यूट्रॉनांचे एकाच वेळी प्रोटॉनांत रूपांतर होऊन दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याच्या क्रियेस द्विबीटा क्षय म्हणतात. त्यांच्यासोबत एरवी दोन प्रतिन्यूट्रिनोही निघतात. ते न निघता क्षय झाल्याचे सिद्ध झाले, तर न्यूट्रिनो हा स्वतःचाच प्रतिकण ठरेल. असा न्यूट्रिनोविरहित क्षय अद्याप निर्विवादपणे आढळलेला नाही. झेनॉन-१३६ मध्ये त्याचा अर्धायुकाल एकावर सव्वीस शून्ये इतक्या वर्षांहून अधिक असावा, असे प्रयोगांनी दाखविले आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. वंदना नानल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या शोधासाठी आपल्या भांड्यांच्या कल्हईतले कथील निवडले. 'टिन-टिन' हे या प्रकल्पाचे नाव. नैसर्गिक कथिलात सुमारे ५.८ टक्के अणू कथील-१२४ चे असतात. त्याच्या क्षयातून टेलुरियम-१२४ बनते व सुमारे २.२९ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मोकळी होते. ३.७ केल्विनखाली कथील अतिसंवाहक होते आणि पुढे त्याची उष्णताधारकता अत्यंत घटते. त्यामुळे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम एक शतांश अंश वर ठेवलेला कथिलाचा तुकडा एका क्षयानेही मोजता येण्याइतका तापतो.

अडचण अशी की, अन्य कोणत्याही किरणोत्साराने तो तसाच तापतो. समुद्रसपाटीवर तळहाताएवढ्या जागेतून दर सेकंदाला एक-दोन म्युऑन जातात; त्यांना अडवायला डोंगरच हवा. भोवतालच्या गॅमा किरणांसाठी शिसे व तांबे लागते. परंतु नव्या शिशातच शिसे-२१० असते, त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे. म्हणून जुने शिसे मोलाचे.

उपकरणाचे स्वतःचे भागही निर्दोष नसतात. तापमान टिपणारे जर्मेनियमचे संवेदक घडविण्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'ध्रुव' अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा केला गेला. तपासणीत त्यांच्या पृष्ठभागावर जस्त, चांदी व टँटलम यांची किरणोत्सारी समस्थानिके सापडली. ती ज्या कुपीत नमुने ठेवले होते तिच्याकडून आलेली होती. सुमारे ५० मायक्रॉनचा थर रसायनांनी काढल्यावर ती बरीच घटली. जर्मेनियमच्या आत लेशमात्र असलेल्या अँटिमनीवर मात्र असा उपाय चालत नाही. तिच्या किरणोत्साराचे अर्धायुष्य ६० दिवसांचे. तो हजारपट घटावा म्हणून संवेदक सुमारे दोन वर्षे नुसते ठेवून द्यावे लागतात, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. प्रयोगाच्या आराखड्यात ही प्रतीक्षाही धरावी लागते.

राहता राहिली जागा. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, १९६५ मध्ये वातावरणातील न्यूट्रिनो टिपले गेले. पुढे तेथेच प्रोटॉनच्या क्षयाचाही शोध घेतला गेला. ती खाण २००१ मध्ये बंद झाली. तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यात, बोडी टेकड्यांखाली हजार मीटरहून अधिक खडकाच्या आड नवी प्रयोगशाळा उभारण्यास केंद्राने २०१५ मध्ये मंजुरी दिली; 'टिन-टिन'ची अपेक्षाही तिच्यावरच होती. मात्र वन्यजीवांच्या भ्रमणमार्गाचे कारण देत २०२२ मध्ये तामिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात त्या प्रकल्पास विरोध नोंदविला.