टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट

भंडाऱ्याच्या आमच्या घरी मोडेमची 'टूं... खर्रर्र' सुरू झाली की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "लवकर आटप, कोणाचा फोन यायचा असेल!"

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या शहरांत. विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यावर नुसता मजकूर दिसे, चित्रं नाहीत. आमच्याकडे नेट आलं ते पुढे, ५६ केबीपीएसच्या मोडेमवर. म्हणजे सेकंदाला फार तर ७ किलोबाइट. १ एमबीच्या फोटोला साधारण अडीच मिनिटं. तीही लाइन चांगली असली तर!

मग युक्त्या सुचल्या. मेल आधी नोटपॅडमध्ये लिहायची, मग कनेक्ट करायचं. ब्राउझरमधली चित्रं बंद ठेवायची. हवी ती पानं सेव्ह करून लाइन तोडायची आणि निवांत वाचायची. बाबांना यात नवल वाटत नसे. तारेत पैसे शब्दांवर लागत, त्यामुळे शब्द मोजायची त्यांना सवयच होती. (ती तार २०१३ मध्ये बंद झाली.)

एकदा मात्र मी लग्नाचे फोटो उतरवत तासभर बसले. तेव्हाच पवनीहून मामा फोन लावत होते. आजी सिरीयस असल्याचा निरोप शेवटी शेजाऱ्यांकडे आला. आम्ही पोचलो तेव्हा आजी बोलत नव्हती.

आता नेट दिवसभर चालूच असतं, फोनही अडत नाही. तरी ब्राउझर उघडण्याआधी मी स्वतःला विचारते, नेमकं काय हवंय? असो.