फॉरमॅट मारण्याआधी

"फॉरमॅट मारावा लागेल."

आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदा २००७ साली ऐकू आलं. असेंबल केलेला कॉम्प्युटर, त्यावर विंडोज एक्सपी आणि काळ्या पडद्यावर कुठलीशी सिस्टिम फाइल सापडत नसल्याचा पांढरा मजकूर. दुरुस्तीला आलेल्या दादाने एकच प्रश्न विचारला, "डेटा डी ड्राइव्हला आहे ना?" बाबा हो म्हणाले. फोटो, गाणी, सगळं डीमध्येच होतं. आजोबांनी चार महिने खपून टाइप केलेल्या आठवणी मात्र डेस्कटॉपवर होत्या. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हमधलाच एक फोल्डर, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

बिघडतं सॉफ्टवेअर, मग आपल्या फाइल्स का जाव्यात? घरगुती कॉम्प्युटरच्या दुरुस्तीचा सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

डॉसच्या काळात मशीनच्या फाइल्स आणि माणसाच्या फाइल्स एकाच डिस्कवर शेजारी-शेजारी राहत. पण तिथे एक सोय नकळत झाली होती. फाइल डिलीट केली की डॉस तिच्या नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथे एक खूण ठेवायचा आणि तिने व्यापलेली जागा रिकामी असल्याची नोंद करायचा. मजकूर मात्र तसाच पडून असायचा, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. पीटर नॉर्टन यांनी हे हेरलं आणि १९८२ मध्ये 'अनइरेझ' हा प्रोग्रॅम आणला. १९९१ च्या एमएस-डॉस ५ मध्ये 'अनडिलीट' ही आज्ञाच आली. ती तुम्हाला विचारायची, पहिलं अक्षर काय होतं? ते सांगितलं आणि नशीब बरं असलं, तर फाइल परत. दुरुस्तीचा पहिला नियम तेव्हाच ठरला: काही हरवलं, तर त्या डिस्कवर नवीन काही लिहू नका.

विंडोज आल्यावर दुखणं बदललं. आता प्रत्येक नवा प्रोग्रॅम सिस्टिमच्या सामाईक फाइल्सवर स्वतःच्या आवृत्त्या लादू लागला. एक गेम टाकला की प्रिंटर बंद पडायचा. त्यावर विंडोज ९८ मध्ये सिस्टिम फाइल्स तपासणारं साधन आलं आणि २००० साली विंडोज एमईमध्ये 'सिस्टिम रिस्टोअर'. घड्याळाचे काटे मागे फिरवायचे, पण फक्त सिस्टिमचे. तुमची कागदपत्रं आजच्याच तारखेला राहायची.

एक्सपीच्या सीडीवर तर खरी दुरुस्ती होती. सीडीवरून मशीन सुरू करायचं, अटी मान्य करायच्या, मग सीडीला जुनी विंडोज सापडली की ती विचारायची: दुरुस्त करायची असेल तर 'आर' दाबा, नवी टाकायची असेल तर 'एस्केप'. 'आर' दाबलं की सिस्टिमच्या फाइल्स नव्याने बसायच्या आणि डेस्कटॉप जिथल्या तिथे राहायचा. एका बटणाचा फरक. पण ही दुरुस्ती दर वेळी यशस्वी होईलच असं नसायचं आणि फॉरमॅट हमखास चालायचा. म्हणून सगळीकडे फॉरमॅटच रूढ झाला आणि त्यावर लोकांनी आपला तोडगा काढला: सी मशीनचा, डी आपला.

युनिक्सच्या जगात ही भिंत जुनीच. लोकांच्या फाइल्स 'होम' या वेगळ्या पार्टिशनवर ठेवायच्या, म्हणजे सिस्टिम पुसली तरी घर शाबूत. मॅकने २००२ मध्ये जुनी सिस्टिम बाजूला सारून, माणसाच्या फाइल्स जपून नवी टाकण्याचा पर्याय दिला. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये 'रिफ्रेश' आलं. फाइल्स ठेवायच्या आणि काढून टाकलेल्या प्रोग्रॅम्सची यादी डेस्कटॉपवर सोडायची.

म्हणजे प्रश्न सुटला? ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटने काही लोकांच्या फाइल्स उडवल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते अपडेट थांबवावं लागलं. तक्रारींचं प्रमाण दहा हजारांत एक होतं. यात सापडले ते डॉक्युमेंट्स फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवणारे, म्हणजे काळजी घेणारेच लोक. जुन्या जागी उरलेला फोल्डर अपडेटला निरुपयोगी वाटला आणि त्यात राहिलेल्या फाइल्ससकट त्याने तो साफ केला.

आणि भिंत पक्की असली तरी एक गोष्ट उरते. आजोबांच्या लिखाणाची एक जुनी प्रत डी ड्राइव्हवर सापडली. उघडली, तर मराठीचा पत्ता नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. तेव्हाच्या बऱ्याच मराठी फॉंटमध्ये फाइलीत इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवले जात आणि फॉंट त्यांना देवनागरीचं रूप देई. फॉंट सी ड्राइव्हवर होता, तो फॉरमॅटमध्ये गेला. फाइल वाचली, पण ती वाचता येईना. दादाने दुसऱ्या दिवशी फॉंट आणून टाकला आणि पानं परत मराठी झाली. शेवटची अकरा पानं मात्र त्या प्रतीत नव्हतीच.

युनिकोडमुळे फॉंटचं ते दुखणं बरंच मिटलं. आता त्या जागी एन्क्रिप्शन आहे. आज अनेक लॅपटॉपची डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि दुरुस्तीच्या वेळी निळा पडदा ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल, तर फाइल्स जागेवर असूनही खिचडीच. तुमच्या हातातल्या फोनमध्ये तर गंमत उलटी आहे. तिथे सिस्टिम आणि डेटा यांच्यात पक्की भिंत असते, पण 'फॅक्टरी रिसेट' पुसतो तो आपला डेटा. सिस्टिम शाबूत राहते.

म्हणून मला कुणी लॅपटॉप दाखवला की माझा क्रम ठरलेला असतो. आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवायचं. डिस्क कुलूपबंद असेल तर त्याआधी की शोधायची. उतरवलेली एखादी फाइल उघडून बघायची. मग दुरुस्ती. आणि "डेटा डीला आहे ना?" असं मी विचारत नाही. "गेलं तर रडू येईल असं काय आहे यात?" असं विचारतो. लोक थोडा वेळ गप्प राहतात, मग नेमकी जागा सांगतात. बहुतेकदा ती डेस्कटॉपच असते.

आजोबांनी ती अकरा पानं पुन्हा लिहिली नाहीत. "एकदा सांगून झालंय," म्हणाले.