खानदेशातील काथवट : कातकाम आणि वनसंपत्ती

भाकरीचे पीठ मळण्यासाठी व भाकरी थापण्यासाठी वापरले जाणारे मोठे पसरट लाकडी पात्र महाराष्ट्रात काथवट किंवा काठवट या नावाने ओळखले जाते. हिंदीतील ‘कठौती’ हा शब्द त्याच कुळातला असून ‘काष्ठ’ हे दोहोंचे मूळ उघड आहे. खानदेशात ज्वारी, बाजरी व कळण्याची भाकरी हे नित्याचे अन्न. त्यामुळे या पात्राची गणना स्वयंपाकघरातील मुख्य उपकरणांत होत असे. पितळी परातीने, आणि पुढे अॅल्युमिनियम व स्टेनलेस स्टीलने, काथवटीस मागे सारले असे सामान्यतः मानले जाते. हे स्पष्टीकरण खोटे नसले तरी अपुरे आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

ज्वारीच्या पिठास गव्हाच्या पिठासारखा ताण नसतो. ते गरम पाण्यात भिजवून तळहाताच्या टाचेने जोराने रगडावे लागते. जाड बुडाचे लाकडी पात्र या जोराखाली सहसा सरकत नाही. शिवाय लाकूड उष्णतेचे मंदवाहक असल्यामुळे उंडा लवकर निवत नाही. म्हणजे काथवट हा केवळ धातूच्या अभावी स्वीकारलेला पर्याय नव्हता. कामाच्या गरजेतूनच तिचे रूप ठरले होते.

तिच्या घडणीच्या रीती दोन. मराठीत ‘कातणे’ हे क्रियापद सूत काढणे व लाकूड फिरवून तासणे या दोन्ही अर्थांनी रूढ आहे, आणि दुसऱ्या अर्थावरून कातारी हे व्यवसायनाम आले. कातारी दोन लोखंडी टोकांमध्ये लाकूड अडकवी व मदतनीस त्यावर गुंडाळलेली दोरी आळीपाळीने दोन्ही बाजूंस ओढी. लाकूड पुढेमागे फिरे आणि हत्यार एकाच दिशेच्या फेऱ्यात कापी. लाटणी, खाटेचे पाय, पाळण्याच्या दांड्या यांना ही रीत सोयीची. रुंद पात्राच्या कडेस मात्र हाताने ओढलेल्या दोरीचा जोर अपुरा पडतो. म्हणून असे पात्र आधी कुऱ्हाड व वाकस यांनी घडवावे लागे; काही पुढे कातून सफाईदार होत, तर काही शेवटपर्यंत वाकस-पटाशीचीच राहत. आतल्या बाजूस एककेंद्री वर्तुळाकार रेषा असल्यास पात्र कातीव, आणि आखूड, तुटक घाव असल्यास कोरीव, अशी ओळख जुन्या नमुन्यांवरून करता येते.

या दोन्ही रीतींत लाकडाची अट एकच आहे. खोडाचा गाभा पात्रात राहिला तर ते वाळताना तडकते. म्हणून ओंडका गाभ्यातून उभा चिरून प्रत्येक अर्ध्यातून एक पात्र काढावे लागते. साल व बाहेरचा कच्चा भाग वगळता १८ इंच व्यासाच्या पात्रास त्याहून जाड खोड लागते. ओले लाकूड कातण्यास मऊ, पण वाळताना ते आडव्या अंगाने विषम आकसते आणि वर्तुळाचे लंबवर्तुळ होते. तेव्हा पात्र आधी जाड ठेवून सावलीत वाळवणे व मागाहून पुरे करणे श्रेयस्कर. हळदूचे लाकूड एकसारख्या पोताचे व कातण्यास उत्तम. शिवण हलकी व आकार टिकविणारी. आंबा सुलभ, पण किडीस बळी पडणारा. खानदेशात प्रसिद्ध असलेला अंजन अतिशय जड व कठीण, हत्याराची धार मारणारा.

जाड खोडांचा हा पुरवठा एकाएकी आटला नाही. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अंमलाखाली आला. १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसास तेजी आली, त्याच दशकात भुसावळमार्गे लोहमार्ग गेला, आणि लागवड व इमारती लाकडाची मागणी दोन्ही वाढली. १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव व संरक्षित वनांची वर्गवारी केली. १९२७ चा अधिनियम त्याच पायावर उभा राहिला. सुताराला लाकूड शेतकऱ्याने पुरवावे ही बलुतेपद्धतीतील रूढी. त्यामुळे सातपुड्याचे रान बंद होताच भार बांधावरील झाडांवर पडला. पुढे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा, अंजन, हळदू, तिवस व साग आले आणि खाजगी जमिनीवरील असे झाड तोडण्यासही परवानगी आवश्यक झाली. ही नियमने अकारण नव्हती. वनांचा ऱ्हास त्यांच्या आधीच सुरू झाला होता.

धातूच्या स्पर्धेचे स्पष्टीकरण अपुरे का, हे याच स्वयंपाकघरातील इतर वस्तूंवरून कळते. पोळपाट, लाटणे व रवी यांनाही धातूचे पर्याय मिळाले, तरी त्या बहुतांशी लाकडीच राहिल्या. तांब्या-पितळेची भांडीही काथवटीशेजारी दीर्घकाळ नांदली होती. टिकलेल्या व लोपलेल्या वस्तूंतील ठळक भेद आकारमानाचा आहे : लाटण्यास फांदी पुरते, पोळपाटास बेताचे खोड चालते, काथवटीस मात्र जुना वृक्ष लागतो.

इंग्लंडमधील बकलबरी येथील जॉर्ज लेली हा पायाने चालविलेल्या लेथवर एल्म वृक्षाच्या एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारी अनेक पात्रे काढीत असे. १९५८ मध्ये तो मरण पावल्यावर त्याचा लेथ रेडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयात गेला. तेथे कारागिरांची परंपरा खंडित झाली. खानदेशात मात्र भाकरी थापणारे हात राहिले आणि खोड दुर्मिळ झाले. म्हणून काथवटीचा इतिहास भांड्यांच्या इतिहासाइतकाच वनांच्या इतिहासात शोधला पाहिजे. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील, तसेच १९९८ पर्यंत धुळ्याचा भाग असलेल्या नंदुरबारमधील, उरलेल्या काथवटींचा व्यास, लाकूड व घडणीची रीत यांची नोंद झाल्यास हे अनुमान तपासता येईल. जुनी पात्रे सरपणात जाण्यापूर्वी हे काम होणे इष्ट आहे.