संगणक कक्षाचे शीतकरण

संगणक कक्षाचे शीतकरण म्हणजे संगणक व सर्व्हर यांनी निर्माण केलेली उष्णता खोलीबाहेर नेण्याची व्यवस्था होय. संगणक घेत असलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. १ किलोवॅट वीज घेणारी यंत्रे तेवढ्याच क्षमतेच्या हीटरइतकी खोली तापवतात. म्हणून सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे विनाकारण चालू असलेली यंत्रे बंद करणे. बंद खोलीतील छताचा पंखा उष्णता केवळ फिरवतो.

मुंबई उपनगरातील चारकोप येथे १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने भूखंड व सेवा योजना राबवण्यात आली. अशा दाट वस्तीतील खिडकी नसलेल्या खोलीसाठी एक्झॉस्ट पंखा हा अल्पखर्ची पर्याय ठरतो. मात्र हवा आत येण्यास खालच्या बाजूस वाट हवी. आतील हवा बाहेरच्यापेक्षा सुमारे ५ अंश सेल्सियसच अधिक तापावी, यासाठी दर किलोवॅटमागे ताशी अंदाजे ६०० घनमीटर हवा बदलावी लागते.

बाहेरच ३३ अंश असताना हा उपाय अपुरा पडतो, कारण सर्व्हरसाठी १८ ते २७ अंश तापमानाची शिफारस केली जाते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात उपयोगी पडणारा पाण्याचा कूलर मुंबईच्या दमट हवेत फारसा गारवा देत नाही, उलट आर्द्रता वाढवतो. तेव्हा वातानुकूलन यंत्र अटळ होते. १ टनाचे यंत्र सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकते. वीज गेल्यावर यूपीएसवर संगणक चालू राहतात, परंतु वातानुकूलन यंत्र सहसा त्यावर जोडलेले नसते. अशा वेळी लहान खोली काही मिनिटांतच तापते.